बाबांना सोमवार चालणार नाही

ला पाझ, सोमवार, ६ ऑक्टोबर

ताई,

आधी नमस्कार, मग बातमी. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र फेर्मिनच्या बसने पाठवतोय. तो म्हणाला, "साहेब, बाईंच्या हातात देईन, पण उत्तराची हमी नाही." मी म्हटलं, तू फक्त दे.

बातमी अशी की यंदा दोन नोव्हेंबर रविवारी येतो. मृतांच्या दिवसाची सुट्टी रविवारी म्हणजे पाण्यातच गेली असती. पण रविवारची सुट्टी सोमवारी द्यायचा नियम आहे. तसं परिपत्रक आज निघालं आणि ताई, ते मी टाईप केलंय. सही साहेबांची, पण शब्द माझे. "देशाच्या संपूर्ण हद्दीत" हे तर मीच घातलं, आधीच्या कागदात नव्हतं. साहेब म्हणाले, "रोकाबादो, वजन आलं हो." आता तीन नोव्हेंबरला देशातला प्रत्येक नोकरदार घरी बसणार, तो माझ्या कागदामुळे.

तेव्हा माझा बेत असा. शनिवार-रविवार रोक्सानाच्या आईवडिलांना घेऊन कोपाकाबानाला, सरोवरावर. सासऱ्यांनी खोल्या आधीच घेऊन ठेवल्यात. रविवारी तिथून परत येऊन रात्रीची बस धरतो, सोमवारी सकाळी दहापर्यंत कोरिमायोत. बाबांसाठी मांडायचं नैवेद्याचं मेज तेवढं तू सोमवारी दुपारपर्यंत ठेव. नाहीतरी खरी सुट्टी सोमवारीच आहे, गावातली माणसंही मोकळी असतील. बाबा गेल्यापासूनचं तिसरं वर्ष आहे, रिवाजाप्रमाणे मेजाचं शेवटचं, म्हणून मला यायचंच आहे.

पाव मी इथूनच आणतो. आमच्या घराजवळच्या मोठ्या दुकानात पावाच्या बाहुल्या मिळतात. चेहरे प्लॅस्टिकचे, धुऊन पुन्हा वापरता येतात.

तुझा नेस्तोर

कोरिमायो, शनिवार, ११ ऑक्टोबर

नेस्तोर,

पत्र मिळालं. फेर्मिन उत्तरासाठी दारातच उभा राहिला होता. त्याला म्हटलं, शनिवारी ये.

मला फोनवर बोलता येत नाही. समोरचा गप्प झाला की काय करायचं ते कळत नाही. कागदावर मला नीट सांगता येतं, म्हणून नीट सांगते.

बाबा शनिवारी दुपारी बारा वाजता येतात आणि रविवारी दुपारी बारा वाजता जातात. हे तुमच्या खात्याने ठरवलेलं नाही, त्यामुळे तुमच्या खात्याला ते बदलताही येणार नाही. बाबांनी जन्मात एक परिपत्रक वाचलं नाही, मेल्यावर वाचायला लागले असतील असं वाटत नाही. "देशाच्या संपूर्ण हद्दीत" असं तू लिहिलंस. कबरस्तानाची भिंत त्या हद्दीच्या आत येते की बाहेर, ते साहेबांना एकदा विचारून घे.

मी तुझं पत्र कुणाला दाखवणार नव्हते. पण शेजारच्या कासिमिराबाई मेजासाठी मक्याच्या दारूचं, चिचाचं मडकं कुठलं ठेवायचं ते विचारायला आल्या आणि पत्र उघडंच होतं. मग वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. म्हणाल्या, "म्हणजे म्हातारा शनिवारी येणार आणि ह्या साहेबाची वाट बघत सोमवारपर्यंत ओसरीवर तंगड्या हलवत बसणार? अहो बाई, मेलेल्याला चोवीस तासांची रजा असते. वर हजेरी लागते!" मी म्हटलं, तो सरकारी नोकर आहे, रजेचं तरी त्याला कळायला हवं होतं.

सुट्टीचा आणि बाबांचा संबंध याआधी एकदा आलेला आहे. तू विसरला असशील म्हणून लिहिते. ते पाच ऑगस्टला, रविवारी संध्याकाळी गेले. सोमवारी सहा ऑगस्ट, देशाचा वाढदिवस. डॉक्टर मिरवणुकीत. दाखला लिहिणारा कारकून मिरवणुकीत. कबरस्तानाच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो बँडमध्ये ढोल बडवत होता. सही करायला गावात माणूस नव्हता, कारण सगळा गाव देशावर प्रेम करण्यात गुंतला होता. बाबा मंगळवार दुपारपर्यंत कणीक मळायच्या मेजावर पडून होते. मी खिडक्या लावून घेतल्या, तरी ढोल ऐकू येत होता. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा त्या वेळी ला पाझच्या रस्त्यावरून झेंडा घेऊन चालत होता. तू नवव्या दिवशी आलास. कोटावर लाल-पिवळी-हिरवी फीत तशीच होती. ती काढायचंही तुला सुचलं नव्हतं.

शिडीचं सांगते. मेजावरची पावाची शिडी पोराने मळायची, हे बाबांचंच म्हणणं. "बाप जिच्यावरून चढणार ती पोराच्या हातची हवी. विकतची मोडते." पहिल्या वर्षी तू विकतची बसने पाठवलीस. ती खरंच मोडून आली. गेल्या वर्षी सुट्टी शनिवारी पडली, "वाया गेली" म्हणून तू आलाच नाहीस. दोन्ही वर्षं मी केली. यंदाची शेवटची आहे. यानंतर ते येणार नाहीत. शुक्रवारी भट्टी पेटेल.

प्लॅस्टिकचे चेहरे आणू नकोस. गावातल्या प्रत्येक मेलेल्याचं तोंड चाळीस वर्षं बाबांनी पावावर बसवलं. त्यांच्या मुखवट्यांची पेटी माझ्याकडे आहे.

एदेल्मिरा

ला पाझ, शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ताई,

तू शाळेत पोरांना असंच बोलतेस का? मग ती गणितात नापास होतात यात नवल नाही.

मी काही पाप करा म्हणत नाही. एका दिवसाचा प्रश्न आहे. पंचांगं माणसांनीच केली. कार्निव्हल दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, ईस्टर हलतो, त्याला कुणी हसत नाही. मग एक मेज चोवीस तास जास्त राहिलं तर कुठलं आभाळ कोसळतं? बाबा स्वतः कुठल्या सुट्टीला भट्टी बंद ठेवायचे? एक मेला कामगार दिन असायचा आणि आपला बाप पहाटेपासून पिठात. "पोटाला सुट्टी नसते" म्हणायचे. सुट्टी कुठल्या वारी आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, हे माझ्याइतकं तुलाही ठाऊक आहे.

इथली माझी अडचण तुला कळत नाही. सासरे मला अजून "खोऱ्यातल्या भटारखान्याचा मुलगा" म्हणतात, माझ्यासमोर. खोल्या त्यांनी घेतल्यात. आता मी नाही म्हटलं तर रोक्साना महिनाभर बोलणार नाही.

आणि कासिमिराबाईंना माझी पत्रं वाचून दाखवू नकोस. उद्या अख्ख्या खोऱ्यात गाणी होतील.

एक शेवटचं. परेडचं पुन्हा काढू नकोस. त्या दिवसाबद्दल तुला सगळं माहीत नाही.

नेस्तोर

कोरिमायो, गुरुवार, २३ ऑक्टोबर

नेस्तोर,

गाणी आधीच झालीत. मी काही केलं नाही.

बाबा सुट्टीला भट्टी बंद ठेवत नसत, हे खरं. कारण सुट्टीला ते कवडीची किंमत देत नसत. तू त्याच सुट्टीसाठी त्यांना एक दिवस थांबायला सांगतोयस. हे दोन्ही एकाच पत्रात लिहिताना तुझा हात अडला नाही.

मी सत्तावीस वर्षं ह्या सुट्ट्या शाळेच्या अंगणातून बघते आहे. जानेवारीत नव्या राज्यघटनेने केलेल्या राज्याचा वाढदिवस, ऑगस्टमध्ये देशाचा. एकाच पोराचे दोन वाढदिवस, आणि पोर मात्र मोठं होत नाही. मार्चमध्ये समुद्राचा दिवस. सव्वाशे वर्षांपूर्वी लढाईत गेलेल्या समुद्रासाठी आम्ही कागदाच्या होड्या करतो आणि ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही अशा पोरांना खलाशाच्या टोप्या घालून उन्हात उभं करतो. जूनमध्ये सूर्याचं नवं वर्ष. ज्या म्हाताऱ्यांचा तो सण आहे ते गारठत मागे उभे राहतात आणि गाडीतून आलेले साहेब पुढच्या रांगेत हात वर करून फोटो काढून घेतात. ऑगस्टच्या आधी तीन आठवडे आमच्याकडे गणित बंद असतं. मुख्याध्यापक ओरडत फिरतात, "गुडघे वर! गुडघे वर! देश बघतोय!" देश बघत नसतो. देश सुट्टीवर असतो.

माणसांना बसायला एक दिवस हवा असतो, मला कळतं. तर बसावं. त्याला ढोल कशाला?

तुझ्या सासऱ्यांबद्दल: तू भटारखान्याच्या मालकाचा मुलगा आहेस. त्यांचं बरोबर आहे. त्यात तुला लागण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

आता ठरलेलं सांगते. शुक्रवारी मी शिडी करीन, पण सगळ्यात वरची पायरी करणार नाही. ती तुझी. शनिवारी बाराच्या आत आलास तर तुझ्या हाताने बसव. रविवारी बाराच्या आत आलास तरी चालेल. सोमवारी आलास तर ये, घर उघडं असेल. पण मेज नसेल.

मला माहीत नसलेलं काय आहे ते तू लिहिलं नाहीस. मी विचारतही नाही.

एदेल्मिरा

ला पाझ, मंगळवार, २८ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं. रोक्साना विचारते आहे की ऑफिसचा कागद इतका का वाया घालवतोस.

त्या वर्षी मला पहिल्यांदा झेंडा मिळाला होता. आमच्या खात्यात झेंडा कुणी धरायचा ते साहेब ठरवतात. अकरा वर्षं मी तिसऱ्या रांगेत चाललो. शनिवारी, चार ऑगस्टला, मी बाबांना फोन केला, हेच सांगायला. तू बाजारात गेली होतीस. त्यांनीच उचलला. आवाज बारीक वाटला, दोन वाक्यांत धाप लागत होती. मी विचारलं, "बाबा, बरं नाही का? येऊ का?" ते म्हणाले, "येऊन काय करणारेस? पीठ संपलंय." मी म्हटलं, थट्टा नको, रात्रीच्या बसने निघतो. तर चिडले. म्हणाले, "गाढवा, अकरा वर्षांनी हातात काहीतरी दिलंय ते धर. सोमवारी मी टीव्हीवर बघणार आहे. वाकडा धरलास तर याद राख."

म्हणून मी गेलो नाही. रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी झेंड्याच्या पट्ट्याला पॉलिश करत होतो. ताई, तेव्हा निघालो असतो तर सोमवारी पोचलो असतो. ते मला कळत होतं. पण मला वाटलं, ते बघणार म्हणालेत. मेल्यावर माणूस बघतो की नाही मला माहीत नव्हतं. म्हणून सरळ धरला. दोन तास. हात खाली आला नाही.

हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस की छान सबब आहे. आता म्हण.

काल सासऱ्यांना सांगितलं की मी सरोवरावर येत नाही. ते म्हणाले, "पाव खायला एवढ्या लांब?" रोक्साना बोलत नाही. मी शुक्रवारी रात्रीच्या बसने निघतो, शनिवारी सकाळी तिथे. पायरीसाठी कणीक ठेव. किती लांब करायची ते मला आठवत नाही, तू दाखव.

नेस्तोर

ला पाझ, बस अड्डा, शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

ताई,

बाकावर बसून लिहितोय, घाईत. एकाही बसला जागा नाही. आजच्या नाही, उद्याच्या नाही. सगळा ला पाझ इथे लोटलाय, गाठोडी, पोरं, एक बाई तर शिवणयंत्र घेऊन निघाली आहे. तिकिटाच्या खिडकीवर विचारलं, एवढी गर्दी कशी? मुलगी म्हणाली, "कुठे राहता तुम्ही? सोमवारी सुट्टी आहे ना. तीन दिवस जोडून आलेत." तिच्यामागे भिंतीवर आमचं परिपत्रक चिकटवलेलं होतं. "देशाच्या संपूर्ण हद्दीत."

फेर्मिनची बसही भरली. त्याला म्हटलं, उभा राहतो. तो म्हणाला, "साहेब, उभ्यांचीही तिकिटं संपली. टपावर कोंबड्या आहेत, त्यांनाही मी सरकून घ्या म्हणालो. सोमवारी या की! रिकामी नेईन." त्याला माहीत नाही कुणाशी बोलतोय ते. निदान मला वाटतं माहीत नाही. हसत होता.

हे पत्र त्याच्याकडे देतोय. उद्या पहाटे ट्रक मिळतो का बघतो. वरच्या पायरीची जागा ठेव.

नेस्तोर

कोरिमायो, बुधवार, ५ नोव्हेंबर

नेस्तोर,

तू एक रात्र इथे होतास आणि आपण मिळून वीस वाक्यंही बोललो नाही. त्यातली निम्मी पाणी तापलं का आणि चादर पुरते का, एवढीच. म्हणून लिहिते.

तुझं बस अड्ड्यावरचं पत्र मला शनिवारी सकाळी मिळालं. वाचून मी हसले. तेव्हा जे वाटलं ते लिहायला हवं: बरं झालं असं वाटलं. ज्याने सुट्टी सरकवली तोच तिच्याखाली सापडला, यापेक्षा नीट उत्तर मला गणितातसुद्धा मिळालं नसतं. ते पत्र मी कासिमिराबाईंना आपणहून वाचून दाखवलं. हेही लिहिते.

दुपारी बाराला बाबा आले. मेज चांगलं झालं होतं. काळं कापड, ऊस, चिचा, त्यांना आवडायचं ते जिभेचं तिखट कालवण, बाहुल्या, कबुतरं. पेटीतला मिशीवाला मुखवटा त्यांच्या बाहुलीला बसवला. प्रार्थना म्हणायला माणसं येत होती, पाव घेऊन जात होती. आणि प्रत्येक जण शिडीकडे बघून थांबत होता. अकरा पायऱ्या आणि वर दोन मोकळी टोकं. "बाई, शिडी अर्धवट राहिली का?" मी म्हणायचे, "नाही. ती माझ्या भावाची आहे." मला ते म्हणायला आवडत होतं. संध्याकाळपर्यंत निदान चाळीस जणांना मी हे सांगितलं असेन. एरवी मी वर्षभरात चाळीस जणांशी बोलत नाही.

कणीक ओल्या फडक्यात होती. भट्टी रविवारी सकाळपर्यंत गरम होती. मला पायरी करायला वीस मिनिटं लागली असती.

रविवारी अकरापासून मी रस्त्याकडे बघत होते. बाराची घंटा झाली. कासिमिराबाई म्हणाल्या, "उचला बाई, बारा वाजले."

मी म्हटलं, "तुमचं घड्याळ पुढे आहे."

"घंटा देवळाची झाली. मी घड्याळ घालत नाही."

मी मेणबत्त्या सारख्या केल्या. उसाची दोरी सोडून पुन्हा बांधली. प्रार्थना सांगणारे दोन रियोबू, आंधळे आहेत ते, त्यांनी विचारलं, "थांबलोय कशासाठी?" मी बाबांना सात मिनिटं थांबवून ठेवलं, नेस्तोर. तू चोवीस तास म्हणालास म्हणून तुझी ज्या तोंडाने चेष्टा केली, त्याच तोंडाने मी सात मिनिटं म्हणत होते, "एक फुंकर राहिली, एक गाठ राहिली." शेवटी कासिमिराबाईंनीच कापडाचं टोक धरलं. शिडीकडे बघून म्हणाल्या, "जाऊ द्या. उंच होता म्हातारा, टांग टाकेल." सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते.

मग कबरस्तानात तू आलास, पावणेदोनला, कांद्याच्या ट्रकवरून, भुवयांपर्यंत धुळीने पांढरा. लहानपणी पिठाने व्हायचास तसा. कासिमिराबाई म्हणाल्या, "आला का साहेब? उद्याची सुट्टी आजच घेतली?" तू त्यांच्याकडे बघितलं नाहीस. मला विचारलंस, "गेले?" मी म्हटलं, "बाराला." आणि टोपलीतला पाव पुढे केला. "प्रार्थना म्हण आणि घे." परक्याला म्हणतात तसं. तू म्हणालास. मध्ये अडलास तेव्हा रियोबूंनी शब्द सांगितला. पाव तू दोन्ही हातांनी घेतलास.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

बाबा गुरुवारी पडले होते, दोन ऑगस्टला, भट्टीसमोर. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलवून घ्या. गुरुवारी. मी फोनपर्यंत गेले आणि परत आले. तू काय म्हणशील ते मला आधीच माहीत होतं: परेड आहे, बघतो, कळवतो. ते ऐकायचं नव्हतं म्हणून मी फोन केला नाही. शुक्रवारी केला नाही, शनिवारी केला नाही. रविवारी केला तो ते गेल्यावर. दोन वर्षं मी तुला नवव्या दिवशी आल्याबद्दल बोलते आहे. गुरुवार ते रविवार हे चार दिवस तुझे होते, ते मी ठेवून घेतले.

तुझं उत्तर मला माहीत होतं असं मी म्हणते. तुझ्या पत्रावरून दिसतं की माहीत नव्हतं. तू "येऊ का" विचारलं होतंस.

आणि टीव्ही. रविवारी दुपारी बाबा मला म्हणाले, "टीव्ही पूस." आपल्याकडे त्यावर वर्षभर कापड असतं, बाबांनी कधी लावला नाही. मला वाटलं, ताप बोलतोय. मी "हो हो" म्हटलं आणि कपाळावर ओलं फडकं ठेवलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, "उद्याच्या आत पूस." मी पुसला नाही. तुझं अठ्ठावीस तारखेचं पत्र वाचलं तेव्हा कळलं. ते कळल्यावरही शुक्रवारी मी शिडी अकरा पायऱ्यांचीच केली. तुला अद्दल घडवायची म्हणून. शिडी तुझी नव्हती. चढायचं बाबांना होतं.

सोमवारी सकाळी मी अंथरुणातून भट्टीचा आवाज ऐकला. उठले नाही. तू उरलेली कणीक मळलीस, लाकडं फार घातलीस, धूर घरभर केलास. मग पायरी मेजावर फडक्यात ठेवून फेर्मिनच्या बसने गेलास. तो खरंच रिकामी घेऊन निघाला होता. तू ती पायरी कुणासाठी ठेवलीस ते सांगितलं नाहीस. मेज उचलल्यानंतर मेलेल्यासाठी काही ठेवत नाहीत हे तुला माहीत आहे. म्हणून मी खाल्ली. मधून कच्ची होती.

दुपारी गावात दर सणाचा झोपाळा बांधला. तुमच्या सुट्टीमुळे झाडून सगळे आले होते, तेवढं तरी कामी आलं. तिसरं वर्ष सरलं, आता काळं उतरवलं पाहिजे म्हणून बायकांनी मला ओढत नेलं आणि फळीवर उभं केलं. कासिमिराबाईंनी झोका देत देत गायलं:

"कागदावर शिक्का मारून सण म्हणे सरकला,
बाराच्या ठोक्याला निघाला बाप, साहेब मात्र चुकला!"

सगळा गाव टाळ्या पिटत होता. मग म्हणाल्या, "आता तुम्ही, बाई! उत्तर द्या!" मला गाता येत नाही. पण झोपाळ्यावर गप्प राहिलं तर गेलेल्याचा अपमान होतो. मी म्हटलं, गायलं नाही, नुसतं म्हटलं:

"साहेब चुकला तासाने, चूक त्याची जगाला कळली,
बाई चुकली चार दिवसांनी, तिने पायरी नाही मळली."

कुणाला काही समजलं नाही. टाळ्या मात्र पडल्या. कासिमिराबाई म्हणाल्या, "जुळलं हो!"

माझं मत बदललेलं नाही. परेड मूर्खपणा आहे. ज्या देशाला स्वतःचा वाढदिवस ढोल वाजवल्याशिवाय लक्षात राहत नाही, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुमचं परिपत्रक मी बघितलं, शाळेच्या फळ्यावर लावलंय. दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकला आहे.

काल मी टीव्हीवरचं कापड काढलं आणि काच पुसली. आतून धूळ आहे, ती निघत नाही. लावून बघितला, दिसतो.

पुढच्या सहा ऑगस्टला तुला झेंडा दिला तर कळव. आधी कळव, चार दिवस तरी. बाबा आता येणार नाहीत. मी बघेन. वाकडा धरलास तर मला दिसेल.

एदेल्मिरा